पंचगंगेकाठचा पोलंड

१७ सप्टेंबर उजाडला की धाराशिव, तुळजापूर, परंडा, उमरगा सगळीकडे झेंडावंदन होते. १९४८ साली याच दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मोकळा झाला. आमच्याकडे हा आनंदाचा दिवस. पोलंडमध्ये मात्र हीच तारीख काळजात घर करून बसली आहे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या होत्या. त्यांच्याशी झुंज चालू असतानाच १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत आल्या आणि देशाचे दोन तुकडे झाले. त्या पूर्वेकडच्या तुकड्यात राहणारे काही हजार लोक पुढे जीव वाचवत, अर्ध्या आशियाची पायपीट करत, चक्क कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावाच्या माळावर येऊन पाच वर्षे राहिले. तिथे त्यांनी एक पोलंड उभा केला. नकाशात कुठेही नसलेला, पण सकाळच्या शाळेच्या घंटेपासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत खराखुरा.

या लोकांचा मूळचा मुलूख म्हणजे ल्वूव, विल्नो, वोलिन हा पोलंडचा पूर्व सीमाभाग. पोलिश, युक्रेनियन, ज्यू, बेलारूसी, लिथुआनियन अशी माणसे तिथे शेजारीशेजारी राहत. सीमाभागात वाढलेल्या मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. सोव्हिएत सत्ता आली आणि याद्या तयार झाल्या. जंगलखात्यातले नोकर, शिक्षक, जमिनी मिळालेल्या सैनिकांची शेतकरी कुटुंबे, अधिकाऱ्यांची बायकामुले असे सगळे यादीत आले. पहिली मोठी धरपकड १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री झाली. हाडे गोठवणारी थंडी, दारावर बंदूकधारी शिपाई, सामान बांधायला जेमतेम वेळ. मग मालगाडीचे डबे आणि आठवडे न् आठवडे चाललेला प्रवास. कुणी सैबेरियात लाकूडतोडीला गेले, कुणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात, कुणी कझाकस्तानच्या गवताळ माळावर. अशा चार लाटा झाल्या. सोव्हिएत कागदपत्रांनुसार हद्दपार केलेल्यांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास भरतो. पोलिश निर्वासितांचे जुने अंदाज दहा लाखांच्याही वर जातात. आकडा कोणताही धरला, तरी भुकेने आणि टायफसने मेलेली लहान मुले त्यात आहेतच.

जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवर उलटला आणि काल पोलंड गिळणाऱ्या स्टालिनला आज पोलिश सैनिक हवेसे झाले. ३० जुलै १९४१ ला लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. छावण्यांची दारे उघडली. जनरल आंदेर्स यांच्या नव्या फौजेकडे बाप्ये निघाले आणि त्यांच्या मागोमाग बायकापोरे, अनाथ मुले, म्हाताऱ्या. १९४२ मध्ये मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन टप्प्यांत सुमारे १ लाख १५ हजार माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. पुरुष लढायला गेले. उरलेल्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान अशी उत्तरे निघाली.

हिंदुस्थानातले पहिले ठळक नाव नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे. १९४२ मध्ये त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी घर उभारले. त्या औदार्याची कथा बरीच सांगितली गेली आहे आणि ती सांगण्याजोगीच आहे. पण संख्येने सर्वांत मोठी वस्ती होती ती आपल्या महाराष्ट्रात, वळिवड्याला. तिथे पाच हजारांच्या आसपास माणसे होती.

त्या काळी आमच्या भागातून कोल्हापूरला जायचे म्हणजे बार्शी लाइट. येडशीला किंवा ढोकीला अडीच फुटी रुळांवरच्या त्या छोट्या गाडीत बसायचे, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरज गाठायचे आणि तिथून कोल्हापूरची गाडी धरायची. कुलदैवत तुळजाभवानी असली तरी अंबाबाईच्या दर्शनाची ओढ असतेच. रुकडी मागे पडले, पंचगंगेचा पूल ओलांडला की वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात ज्यांनी हा प्रवास केला, त्यांना खिडकीतून कौलारू बराकींच्या लांबच लांब रांगा दिसल्या असणार आणि रांगांमधल्या रस्त्यांवर गोऱ्या, सोनेरी केसांच्या बायका आणि पोरे.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन छत्रपती होते. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते आणि कारभार राजप्रतिनिधी मंडळाकडे होता. जागा संस्थानची, देखरेख इंग्रजांची आणि छावणीचा आतला कारभार पोलिश लोकांच्या हाती, अशी ती व्यवस्था होती. खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावे होता. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी यासाठी रक्ताचे पाणी केले. किराबाई पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी होत्या. युद्ध संपल्यावरही त्या मायदेशी परतल्या नाहीत. पुढचे सगळे आयुष्य त्यांनी भारतातच काढले.

बराकीत प्रत्येक कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा मिळे. ही गोष्ट साधी वाटते, पण तिचे मोल मोठे होते. तीन वर्षे सामायिक फळीवर झोपलेल्या आणि कढईतले पातळ सूप रांगेत उभे राहून घेतलेल्या बाईला स्वतःची चूल मिळाली होती. व्हरांड्यापुढे फुलझाडे लागली. चर्च, दवाखाना, दुकाने, नाट्यगृह, चित्रपटगृह, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा असे सगळे उभे राहिले. पोलिश बालवीर आणि वीरबालांची पथके संचलन करू लागली. पंचगंगेत पोरे डुंबू लागली. छातीच्या आजाराने पोखरलेल्यांना हवापालटासाठी पाचगणीला धाडले जाई.

इथपर्यंतची हकिकत कुठल्याही चांगल्या चाललेल्या निर्वासित छावणीची. वळिवड्याचे वेगळेपण पुढे आहे. या लोकांना आपला देश नुसता आठवायचा नव्हता, तो घडवायचा होता, आणि तोही अशा मुलांसाठी, ज्यांना तो नीट आठवतही नव्हता. चार वर्षांचे पोर फेब्रुवारी १९४० मध्ये गाडीत चढवले गेले असेल, तर वळिवड्याला शाळेत बसेपर्यंत ते सात-आठ वर्षांचे झाले होते. त्याच्या आठवणीत पोलंड नव्हताच. बर्फ, ऊ, भूक आणि मग इराणचे वाळवंट एवढेच होते. अशा मुलाला विस्तुला नदी, क्राकोचा किल्ला, ईस्टरची रंगवलेली अंडी हे सगळे ऐकूनच मिळवायचे होते. हे काम इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा कथा, कविता, नाटक आणि गाण्यांनी जास्त केले.

पोलिश समाजाला या कामाची सवय होती. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देश वाटून घेतला. पुढची १२३ वर्षे, १९१८ पर्यंत, पोलंड नावाचे स्वतंत्र राज्यच नव्हते. त्या काळात देश राहिला तो लेखकांच्या घरी. आदाम मिकीएविच यांनी ‘पान तादेउश’ हे महाकाव्य १८३४ मध्ये प्रसिद्ध केले ते पॅरिसमध्ये, परागंदा अवस्थेत. त्यात लिथुआनियाकडच्या एका वाड्याचे, तिथल्या जंगलांचे, शिकारीचे, जेवणावळींचे इतके बारीक वर्णन आहे, की पुढच्या पिढ्यांनी ते गाव न पाहताच आपले मानले. हेन्रिक सिएन्कीएविच यांनी सतराव्या शतकातल्या लढायांवर तीन भागांची कादंबरीमालिका लिहिली, ती पराभवाने खचलेल्या आपल्या माणसांना उभारी देण्यासाठी. १९०५ चे नोबेल त्यांना मिळाले. त्याच सुमारास इकडे हरिभाऊ आपटे ‘उषःकाल’ लिहून शिवकाळ उभा करत होते. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नव्हते, पण गरज सारखीच होती. राज्य गेलेल्या समाजाला कादंबरीतून आपले राज्य पुन्हा पाहायचे होते. मराठी वाचकाला सिएन्कीएविच समजायला म्हणूनच अवघड जाऊ नये.

वळिवड्यातल्या शिक्षिकांनी हीच शिदोरी उघडली. पुस्तकांचा तुटवडा होता. पॅलेस्टाईनमध्ये मुक्कामाला असलेल्या पोलिश फौजेच्या आसऱ्याने तिकडे पोलिश पुस्तके छापली जात होती. इकडे मुंबईहून हिंदुस्थानातल्या पोलिश लोकांसाठी त्यांच्या भाषेतले नियतकालिक निघे. जे छापलेले हाती नसेल ते फळ्यावर लिहायचे, वहीत उतरवायचे, पाठ करायचे. नाट्यगृहात लोकनृत्ये होत, नाताळात येशूजन्माची नाटुकली होत. क्राकोकडचा भरतकामाचा आखूड अंगरखा, गळ्यात मण्यांच्या माळा, डोक्याला रंगीत फिती हा वेश हिंदुस्थानी कापडातून शिवायचा आणि कोल्हापूरच्या उकाड्यात तो घालून मुलींनी नाचायचे. या मुलींना जे गाव नाचून दाखवायचे होते, ते त्यांच्यापैकी अनेकींनी कधी पाहिले नव्हते. रंगमंचावरचा तो पोलंड कल्पनेतला होता, तरी त्यांच्यासाठी तोच पहिला आणि खरा होता.

पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण फार महत्त्वाचे. टेबलावरच्या शुभ्र कापडाखाली थोडे वाळके गवत पसरतात, गोठ्यात जन्मलेल्या येशूची आठवण म्हणून. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवत नाही. जेवणाआधी एक पातळ पांढरी पापडी सगळे एकमेकांच्या हातातून मोडून खातात आणि शुभेच्छा देतात. आणि एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी. वळिवड्यातल्या बराकींमध्ये ते जास्तीचे ताट मांडताना प्रत्येक घराच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चेहरा असणार. बाप, नवरा, मोठा मुलगा इटलीच्या आघाडीवर होता. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा डोंगर पोलिश सैनिकांनी घेतला, तेव्हा त्या विजयात वळिवड्यातल्या कित्येक घरांचा वाटा होता आणि काही घरांचा कर्ता पुरुषही त्यात गेला.

देवीभक्त म्हणून आणखी एक गोष्ट मला जवळची वाटते. पोलिश माणसाचे मन चेंस्तोहोवा या गावच्या काळसर वर्णाच्या मरियामातेत गुंतलेले असते. १६५६ मध्ये राजा यान काझिमिएश यांनी मरियामातेला पोलंडची राणी म्हणून जाहीर केले. स्वीडिश आक्रमणात देश बुडायला आला असताना चेंस्तोहोवाचा मठ टिकून राहिला होता, त्या काळातली ही गोष्ट. याच दशकात शिवाजी महाराज स्वराज्याची घडी बसवत होते आणि भोसल्यांची कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी होती. संकटात राज्याचा भार आईच्या पायाशी ठेवणारे हे दोन समाज तीनशे वर्षांनी करवीरच्या अंबाबाईच्या क्षेत्रात शेजारी आले. एकमेकांच्या देवघरात काय आहे हे त्यांना फारसे ठाऊक नसेल. पण हात जोडून उभी असलेली परकी बाई पाहून कोल्हापूरच्या बाईला तिचे दुःख ओळखू आले नसेल, असे मला वाटत नाही.

मग १९४५ आले. सगळे जग युद्ध संपल्याचा उत्सव करत होते आणि वळिवड्यात शोककळा पसरली होती. फेब्रुवारीत याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्वभाग सोव्हिएत संघाला देण्याचे ठरले. ल्वूव गेले, विल्नो गेले. ५ जुलैला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली. ज्यांच्या बाजूने बाप आणि भाऊ लढले, त्या दोस्तांनीच घर दुसऱ्याच्या नावावर करून टाकले. परत जायचे तर कुठे? पोलंड होता, पण त्यांचे गाव त्यात नव्हते. मिकीएविचच्या काव्यातल्या वाड्यासारखे त्यांचे स्वतःचे घरही आता फक्त सांगण्यात आणि लिहिण्यात उरले होते. या अन्यायाबद्दल पुढे कित्येक दशके फारसे बोलले गेले नाही आणि साम्यवादी पोलंडमध्ये तर उघडपणे बोलायची सोयच नव्हती.

याच वर्षांत महाराष्ट्रात वावरलेल्या तीन पोलिश माणसांची गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण त्यांनी आपली ओळख वेगळ्याच वाटेने शोधली.

मॉरिस फ्रिडमन हे वॉर्सात १९०१ मध्ये जन्मलेले ज्यू अभियंता. १९३० च्या दशकात ते म्हैसूर संस्थानातल्या कारखान्यात आले, पुढे भगवी वस्त्रे घालून भारतानंद झाले. औंधचे चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांचे सूत जुळले. औंधच्या राजाने १९३९ मध्ये आपण होऊन सत्ता प्रजेच्या हाती दिली, त्या प्रयोगामागे गांधीजींच्या बरोबरीने फ्रिडमन यांचीही धडपड होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली कैदी वसाहतही त्याच काळातली. ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाची प्रेरणा तीच. उतारवयात फ्रिडमन मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांच्या माडीवर जाऊन बसू लागले. महाराजांची मराठीतली बोलणी त्यांनी इंग्रजीत आणली. ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक १९७३ मध्ये निघाले आणि एका विडी दुकानदाराचे अस्सल मराठी बोल जगभर पोचले. १९७६ मध्ये फ्रिडमन मुंबईतच वारले.

त्यांच्या सहकारी वांदा दिनोव्स्का, म्हणजेच उमादेवी. १९३५ मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या. १९४४ मध्ये दोघांनी पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. पोलंडला भारत दाखवायचा आणि भारताला पोलंड, हा तिचा हेतू. गीतेचे पोलिश भाषांतर उमादेवींनी केले, भारतीय कवितांची पोलिश संकलने केली. वळिवड्यातल्या तरुणांना भोवतालच्या देशाची ओळख व्हावी म्हणूनही त्या झटल्या. छावणीतले बहुतेक मोठे लोक पोलंड जपण्यासाठी कुंपणाच्या आत पाहत होते. उमादेवी मुलांना कुंपणाबाहेर पाहायला शिकवत होत्या. मला दोन्ही गोष्टी योग्य वाटतात, पण दुसरीसाठी जास्त धैर्य लागते.

तिसरे चित्रकार स्तेफान नोर्ब्लिन. वॉर्सातले नावाजलेले पोस्टरकार आणि व्यक्तिचित्रकार. पत्नी लेना चित्रपट अभिनेत्री. सप्टेंबर १९३९ मध्ये दोघे पळाले आणि रुमानिया, तुर्कस्तान, इराक करत १९४१ मध्ये मुंबईला आले. मोरवीच्या आणि जोधपूरच्या राजवाड्यांत त्यांनी भिंतीच्या भिंती रंगवल्या. जोधपूरच्या उमेद भवनात त्यांनी रामायणातले प्रसंग काढले. ही चित्रे पाहिली की राम आणि सीता वॉर्साच्या त्या काळच्या नव्या शैलीत उभे दिसतात, सडसडीत आणि ठसठशीत रेषांचे. पुढे ते अमेरिकेला गेले. तिथे ना काम मिळाले, ना नाव. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आपले जीवन संपवले. पोलंड त्यांना विसरून गेला होता. त्यांची सर्वांत मोठी चित्रे राजस्थानात आहेत हे तिकडे कळायला पुढे कित्येक वर्षे गेली.

१९४६ मध्ये बालाचडीचे घर बंद झाले आणि तिथली मुले वळिवड्याला आली. पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला. मग छावणी हळूहळू रिकामी होऊ लागली. बहुतेक जण सैन्यातल्या नातलगांच्या मागे ब्रिटनला गेले, काही पोलंडला, काही पूर्व आफ्रिकेला, पुढे ऑस्ट्रेलियाला आणि कॅनडाला. कोल्हापूरच्या मराठी तरुणाशी लग्न करून, मराठी नाव घेऊन इथेच संसार केलेली एक पोलिश मुलगीही होती. १९४८ मध्ये छावणी संपली आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. कराची बंदरातून पोलिश माणसे हिंदुस्थानात उतरली होती आणि त्याच कराचीच्या मुलखातून सिंधी कुटुंबे उखडली गेली होती. त्या वस्तीचे आजचे नाव गांधीनगर. कापडाच्या खरेदीला तिथे गर्दी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना जागेचा हा पूर्वेतिहास ठाऊक असतो.

त्याच वर्षी, १९४८ मध्ये, आमच्या जिल्ह्यात काय चालले होते? लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते आणि निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी त्याआधी लातूरलाच वकिली करत असे. गावेच्या गावे धास्तावली होती. शेकडो कुटुंबे बैलगाडीत भांडीकुंडी टाकून निजामाची हद्द ओलांडत होती आणि बार्शी, सोलापूरकडे आसरा घेत होती. सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या. म्हणजे वळिवड्याहून शेवटच्या पोलिश तुकड्या निघत असताना आपलीही माणसे निर्वासितच होती. रझाकारी संपल्यावर ती परतली, घराला पुन्हा माती लिंपली आणि त्या महिन्यांबद्दल फार बोलली नाहीत.

पोलिश लोक मात्र बोलले. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, एकेकाळी हिंदुस्थानात वाढलेल्या त्या मुलांनी मंडळ स्थापन केले आणि दर भेटीत आठवणी गोळा केल्या. २००० मध्ये लंडनहून त्यांचा पोलिश भाषेतला जाडजूड ग्रंथ निघाला, २००९ मध्ये त्याचे इंग्रजी रूप आले. कुणा एका नामवंत लेखकाचे हे काम नव्हे. शाळेच्या वह्या, पत्रे, फोटो, दाखले जपून ठेवलेल्या साध्या माणसांनी ते मिळून लिहिले. पोलिश साहित्यात आज स्थळ आणि ओळख यांचा जो शोध चालतो, त्यात या ग्रंथाला मी मानाची जागा देईन. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ मध्ये स्मृतिस्तंभ उभा राहिला, २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मारक झाले आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. हे सगळे शक्य झाले, कारण आधी कुणीतरी लिहून ठेवले होते.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या धाराशिव गावात ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि गावाने त्यांचे मनापासून स्वागत केले. साहित्यासाठी एवढे करू शकणारा जिल्हा आणखी एक काम नक्की करू शकतो. रझाकारीच्या वर्षांत हद्द ओलांडलेल्या घरांतली शेवटची पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. परंडा, भूम, कळंब, तुळजापूर, उमरगा, लोहारा, वाशी, धाराशिव, प्रत्येक तालुक्यात अशी माणसे आहेत. त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर आवाज टिपून घ्या, कोणत्या गावाहून निघालात, कुठे राहिलात, काय सोबत नेले, परत आल्यावर काय सापडले हे विचारा आणि लिहून काढा. तालुक्याच्या वाचनालयाने एक वही जरी या कामासाठी ठेवली, तरी येत्या १७ सप्टेंबरपासून सुरुवात करता येईल.